वर्गाचे ग्रुप बंद करू नका, त्यांना नियम द्या: शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद.

विषय: विद्यार्थी-पालकांचे वर्गनिहाय व्हॉट्सॲप ग्रुप आणि शाळांचे यूट्यूब चॅनेल बंद करण्याच्या परिपत्रकाबाबत.

महोदय,

आपल्या कार्यालयाचे परिपत्रक मुख्याध्यापकांमार्फत आमच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचून दाखवण्यात आले. जिल्ह्यातील सर्व प्राथमिक शाळांनी वर्गनिहाय व्हॉट्सॲप ग्रुप तत्काळ बंद करावेत, शिक्षकांनी अध्यापनाचे कोणतेही साहित्य यूट्यूब किंवा फेसबुकवर टाकू नये आणि तसा अहवाल केंद्रप्रमुखांकडे द्यावा, असा त्याचा आशय आहे. आमच्या शाळेने आदेश पाळला आणि ग्रुप बंद झाला. समितीने याविरुद्ध एकमताने ठराव करून आपल्याकडे पाठवला, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. म्हणून या शाळेत सहावीत शिकणाऱ्या मुलीची आई आणि समितीची सदस्य, अशा दोन्ही नात्यांनी मी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. शिक्षकांनी हे लिहावे अशी अपेक्षा मी ठेवत नाही. जुलै २०२५ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत नियम काढल्यापासून कोणत्याही आदेशावर उघड मत मांडताना ते दहा वेळा विचार करतात. पालकांवर तसे बंधन नाही, त्यामुळे बोलण्याची जबाबदारी आमच्यावर येते.

परिपत्रक ज्या प्रकारानंतर निघाले, तो गंभीर होता याबद्दल माझे दुमत नाही. एका शाळेतील स्नेहसंमेलनात मुलींच्या नाचाचे चित्रीकरण झाले, पालकांना न विचारता ते सार्वजनिक खात्यावर टाकले गेले आणि त्याखाली अनोळखी माणसांनी अत्यंत घाणेरड्या प्रतिक्रिया लिहिल्या. त्या मुलींच्या घरच्यांना काय वाटले असेल, हे मुलीची आई म्हणून मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने तो व्हिडिओ टाकला त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी होती. परंतु मुलींचा नाच जगाला दाखवणारे खाते आणि वर्गातल्या मुलांचे वाचन ऐकून घेणारा पालकांचा ग्रुप या दोन्हींना परिपत्रकाने एकाच तागडीत घातले आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तिथे आहे.

हा ग्रुप आमच्या गावात काय काम करत होता, ते आपल्याला सांगणे मला आवश्यक वाटते, कारण परिपत्रक काढण्यापूर्वी ते कोणी विचारलेले नाही.

आमच्या गावातील निम्म्याहून अधिक घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. माझे दीर आणि जाऊ दर हंगामात कोयता घेऊन जातात. त्यांचा मुलगा चौथीत आहे. घरी सांभाळणारे म्हातारे माणूस अंथरुणाला खिळलेले असल्याने तो हंगामी वसतिगृहात न राहता आईबापांबरोबर थळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागी, जातो. त्याच्याजवळ शिक्षण हमी कार्ड आहे आणि त्या कार्डावर जवळच्या शाळेत त्याला बसू द्यायला हवे हेही खरे आहे. परंतु टोळी एका फडातून दुसऱ्या फडात सरकत असते, शाळा कधी दोन किलोमीटरवर असते तर कधी पाचवर, आणि आईबाप पहाटे फडात गेल्यावर त्याला तिथवर पोहोचवणारे कोणी नसते. अशा मुलांचे वाचन मार्चपर्यंत किती मागे पडते, हे आपल्या कार्यालयातील प्रत्येक विस्तार अधिकाऱ्याला ठाऊक आहे.

गेल्या दोन हंगामांत आमच्या शाळेच्या बाईंनी एक साधी गोष्ट केली. त्या ग्रुपवर रोज पाठ्यपुस्तकातील एका उताऱ्याचा पान क्रमांक टाकत आणि थळावरच्या मुलांनी तो संध्याकाळी मोठ्याने वाचून व्हॉइस नोट पाठवायची. माझ्या पुतण्याचे वाचन मी त्याच ग्रुपवर ऐकत असे. कोपीसमोर, म्हणजे थळावरच्या झोपडीसमोर, बसून तो वाचायचा तेव्हा मागे बैलांच्या गळ्यातील घंटा वाजत असत, शेजारच्या कोपीतील माणसांचे बोलणे ऐकू येई, मध्येच त्याची आई चुलीपाशी बोलवत असे, आणि तरीही तो उतारा संपवत असे. बाई रात्री ऐकून उत्तर देत. 'प्रार्थना' म्हणताना तू रफार गिळतोस, पुन्हा म्हण, असे त्या सांगत, आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द नीट म्हणून मगच तो पुढे वाचायला लागे. मागच्या वर्षी हंगाम संपवून तो परत आला तेव्हा वर्गातील इतर मुलांच्या बरोबरीने वाचत होता. त्याचा थोरला भाऊ त्याच वयात परत आला होता तेव्हा त्याला अक्षरओळखीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली होती, आणि सातवीनंतर त्याची शाळा सुटली. एकाच घरातील या दोन मुलांमध्ये जो फरक पडला, तो त्या बाईंच्या कष्टामुळे पडला. आपल्या आदेशामुळे हे काम ऐन हंगामात थांबले आहे. पुतण्या रोज संध्याकाळी आईचा फोन घेऊन बसतो आणि आता त्यावर काहीही बघतो.

दुसरे उदाहरण वरच्या वर्गाचे. भूगोल शिकवताना सरांनी मुलांना १९७२ च्या दुष्काळाविषयी आपापल्या आजी-आजोबांना विचारायला आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ग्रुपवर टाकायला सांगितले. कोणाच्या आजीने खडी फोडायला जाण्याबद्दल सांगितले, कोणाच्या आजोबांनी अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरीची चव सांगितली, कोणी सुकडी हा पूरक आहार कसा वाटला जायचा ते सांगितले. थळावर गेलेल्या मुलांनीही तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बोलते केले. वर्गातील प्रत्येकाने प्रत्येकाच्या आजीचे बोलणे ऐकले आणि त्यावरून सरांनी गावातील विहिरींची नोंद करवून घेतली. एका वर्गाला इतकी माणसे ऐकायला मिळणे एरवी शक्य नव्हते. समाजमाध्यमांचा शिक्षणासाठी उपयोग कसा करावा याविषयीची प्रशिक्षणे आपला विभागच घेतो. त्या प्रशिक्षणांत सांगितले जाते ते या शिक्षकांनी कोणताही निधी न मागता करून दाखवले.

आणखी एक सांगते. 'जन गण मन' हे जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत असल्याचे युनेस्कोने जाहीर केले, हा खोटा संदेश कित्येक वर्षे फिरतो आहे. तो आमच्याही घरी आला. सरांनी तोच संदेश मुलांपुढे ठेवून विचारले की, हे कोणी, कधी आणि कुठे जाहीर केले ते शोधा. माझ्या मुलीने शोध घेतला, कुठेही मूळ सापडले नाही, आणि तेव्हापासून घरात कोणताही संदेश पुढे पाठवण्यापूर्वी ती आम्हाला त्याचा आधार विचारते. राष्ट्रगीताविषयीचा तिचा आदर त्यामुळे तसूभरही कमी झालेला नाही. फोनवर आलेले सगळे खरे नसते हे तिला कळले, आणि ते शिक्षकाच्या देखरेखीखाली कळले. माझ्या दृष्टीने पुस्तकातील कोणत्याही धड्याइतके त्याचे मोल आहे.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार अशी की, ही वाट शासनानेच आम्हाला दाखवली आणि आता शासनाचेच एक कार्यालय ती बुजवत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरूनच रोज घरोघरी पोहोचवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'स्वाध्याय' उपक्रम सुरू झाला आणि मुले दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न सोडवू लागली. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत आणि ते स्कॅन केले की शासनाच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपवरील साहित्य उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तोही पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडने ध्वनी आणि चित्रफितींची जोड देण्याच्या कामासाठी, आणि सगळ्या राज्याने त्यांचे कौतुक केले. त्या काळात ज्या पालकाने कर्ज काढून, शेळी विकून फोन घेतला, त्याला आज हाच फोन मुलाच्या अभ्यासासाठी वापरू नका असे सांगायचे असेल, तर निदान कारण तरी नीट सांगायला हवे.

दुसरी तक्रार: या आदेशाने मुलांचे फोन पाहणे कमी होणार नाही. ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी फोन वापरला होता, तर अभ्यासाशी संबंधित कामासाठी ५७ टक्के मुलांनी. हा फरक कमी करणे हे शिक्षण विभागाचे काम आहे. परिपत्रकाने रील पाहण्याच्या वेळाला हात लावलेला नाही, बंद झाले ते केवळ अभ्यासाचे.

तिसरी तक्रार शिक्षकांच्या वतीने आहे. ज्या आदेशाने मुलांच्या वाचनाचा ग्रुप बंद झाला, त्याने केंद्राचे, बीटचे (काही केंद्रांच्या गटाचे) आणि तालुक्याचे प्रशासकीय ग्रुप मात्र चालूच ठेवले आहेत. त्यावर दिवसभर लिंक येतात, माहिती तातडीने मागवली जाते, प्रत्येक उपक्रमाचे फोटो, तेही मुलांसह, मागवले जातात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. फोटो काढून पाठवणे हे शिक्षण कसे ठरते, हे मला समजून घ्यायचे आहे. मुलांची छायाचित्रे बाहेर जाणे हा जर आपल्या चिंतेचा विषय असेल, तर ती सर्वांत जास्त कोणत्या ग्रुपवरून आणि कोणाच्या मागणीवरून जातात, याची चौकशी आपल्या कार्यालयापासून सुरू झाली पाहिजे.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते. शाळा व्यवस्थापन समिती ही कायद्याने स्थापन झालेली आहे. आमच्या मुलांच्या शिक्षणावर थेट परिणाम करणाऱ्या या निर्णयात तिला एका शब्दानेही विचारले गेले नाही.

समितीच्या बैठकीत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण देण्यात आले, म्हणून त्याबद्दलही लिहिते. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, यूट्यूब आदींवर खाते ठेवता येत नाही. परंतु तो कायदा जबाबदारी टाकतो ती कंपन्यांवर, आणि मोडला तर जबर दंड आहे तोही कंपन्यांनाच. व्हॉट्सॲपसारखी निरोपाची साधने आणि गुगल क्लासरूमसारख्या शैक्षणिक सेवा त्याच्या बाहेर ठेवल्या आहेत. आपल्या देशातील २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (माहिती) संरक्षण कायदाही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. या दोन्हींतील कोणत्याही कायद्याने शिक्षकाला वर्गातील मुलाचे वाचन ऐकण्यापासून अडवलेले नाही.

निर्णय लोकांना सोबत घेऊन कसा करता येतो, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. गावाने ती आपापसांत ठरवली, म्हणून ती पाळली गेली. फोन कधी बंद ठेवायचा हे ठरवण्याइतके पालक सुज्ञ आहेत, तसेच तो अभ्यासासाठी कधी उघडायचा हे ठरवण्याइतकेही आहेत.

अशा ग्रुपमध्ये दोष नव्हते असे माझे म्हणणे नाही, आणि ते लपवून ठेवून मागण्या करणे मला योग्य वाटत नाही. काही शाळांत गृहपाठ फक्त ग्रुपवर दिला जात होता, त्यामुळे ज्या घरी साधा फोन आहे किंवा रिचार्ज संपलेले आहे तिथले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली घालून बसत असे. घरात एकच फोन असला तर तो आधी मुलाला मिळतो आणि मुलीला रात्री, भांडी झाल्यावर. काही पालक ग्रुपवर देवाचे फोटो, राजकीय संदेश आणि जाहिराती टाकतात. रात्री अकरा वाजता शिक्षकांना प्रश्न विचारणारेही आम्हीच पालक आहोत. एका ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि त्याचा त्रास काही आयांना झालेला आहे. यूट्यूबवर धडा संपला की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो काय असेल याचा भरवसा नसतो. हे सर्व दोष नियमांनी आवरता येण्यासारखे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना पैसाही लागत नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. हे परिपत्रक मागे घ्यावे आणि त्याऐवजी शिक्षक, पालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांशी बोलून नियमावली काढावी. ती निघेपर्यंत किमान स्थलांतरित मुलांचे वाचनाचे ग्रुप पुन्हा सुरू करू द्यावेत, कारण हंगाम नियमावलीची वाट पाहत थांबणार नाही.

नियमावलीत ग्रुप पालकांच्या नंबरवरच असावा आणि मुलांची स्वतंत्र खाती उघडली जाऊ नयेत. सूचनांचा ग्रुप 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असा ठेवावा. शक्य तिथे व्हॉट्सॲपची 'कम्युनिटी' ही सोय वापरावी, म्हणजे सूचनांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसणार नाहीत. मुलांच्या व्हॉइस नोट शिक्षकांकडे जाव्यात आणि प्रत्येक ग्रुपमध्ये समितीची एक महिला सदस्य असावी. शिक्षकांना उत्तर देण्याची वेळ ठरवून द्यावी, त्यानंतर उत्तर देण्याचे बंधन नसावे आणि या कामाची नोंद अध्यापनाचे काम म्हणून व्हावी.

मुलाचा चेहरा आणि नाव दिसेल असे काहीही पालकाच्या लेखी संमतीशिवाय शाळेबाहेर जाऊ नये, आणि हा नियम शिक्षकांइतकाच केंद्र, तालुका आणि जिल्हा कार्यालयांनाही लागू असावा. शाळेचे यूट्यूब चॅनेल असेल तर त्यावर शिक्षक आणि फळा दिसावा, मुले नव्हेत. व्हिडिओला 'मुलांसाठी बनवलेला' अशी नोंद करावी, म्हणजे प्रतिक्रिया बंद राहतात आणि मुलाच्या आवडीनिवडी हेरून जाहिराती दाखवल्या जात नाहीत. नियम मोडणाऱ्यावर कारवाई व्हावी, ती त्या व्यक्तीवर व्हावी.

फोनवर दिलेला प्रत्येक अभ्यास वर्गातील फळ्यावर किंवा कागदावरही मिळाला पाहिजे. ज्याच्या घरी फोन नाही त्या मुलाचे एका दिवसाचेही नुकसान होता कामा नये. ही मागणी आमच्या समितीतील फोन नसलेल्या एका पालकाने मांडली आणि ती सर्वांनी सर्वांत आधी मान्य केली.

थळावरील मुलांसाठी हंगामभराच्या रिचार्जची तरतूद स्थलांतर रोखण्याच्या योजनांमधून करावी आणि टोळी जिथे आहे तिथल्या शाळेतील एका शिक्षकाला त्या ग्रुपमध्ये घ्यावे, म्हणजे मूल जवळ आले की त्यांना कळेल आणि ते त्याला वर्गात बोलावू शकतील.

समितीची पुढील बैठक या महिन्याच्या अखेरीस आमच्या शाळेत आहे. आपण स्वतः यावे अथवा गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावे, ही विनंती. ऊसतोडीवर असलेले पालक फोनवरून बैठकीत सहभागी होतील, आणि शाळेच्या बाईंनी मुलांची जपून ठेवलेली वाचनेही आपल्याला ऐकता येतील. आमच्या ठरावाचे लेखी उत्तर त्यापूर्वी मिळावे.

आपली विश्वासू,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती सदस्य